पाचव्या आवृत्तीखालचं नाव

तिच्या मेलमध्ये नमस्कार नव्हता. एरवी ती नमस्कार लिहिते, हवापाण्याचं विचारते आणि मग मुद्द्यावर येते. आज थेट सुरुवातच. "या बदलाखाली माझं नाव आहे. मी हा बदल तपासलेला नाही. काल संध्याकाळच्या बातम्यांत मधे मिनिटभर कुणाचंतरी रेकॉर्ड केलेलं भाषण लागलं, तेवढ्यात माझी ब्रेलपट्टी झोपली ती उठलीच नाही. मी सात सेकंद गप्प होते. रेडिओवर सात सेकंद म्हणजे लोक उठून सेटला थापट मारतात. मग मी आदल्या दिवशीचं हवामान आठवून सांगितलं." मी ते उभ्यानंच वाचलं, काखेत ओल्या कपड्यांची बादली, आणि पहिला विचार काय आला, तर पट्टी जुनी झाली असेल तिची. लाज वाटते सांगायला, पण हेच आलं. स्वतः ठेचकाळायचं आणि आधी फरशीकडे रागानं बघायचं, त्यातली गत. मग पुढची ओळ वाचली. "केंद्रावरच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, हे नवीन का टाकलंस न विचारता? तो म्हणाला, बाई, खाली तुमचंच नाव होतं, तुम्हीच तपासलंय म्हणून टाकलं."

तिला मी कधी भेटलेलो नाही. ती जन्मापासून आंधळी आहे, एका रेडिओ केंद्रावर बातम्या देते, आणि वाचते बोटांनी. समोर चाळीस घरांची ब्रेलपट्टी असते. प्रत्येक घरात बारीक बारीक खिळे, संगणक सांगेल तसे वरखाली होतात, एक ओळ वाचून झाली की बोटांखाली दुसरी उगवते. संगणकाला ही पट्टी चालवायची कशी हे उपजत माहीत नसतं. ते त्याला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, आणि असे हजारो ड्रायव्हर ज्या एका अवाढव्य, फुकट, कुणाच्या बापाचा नसलेल्या गाभ्यात राहतात तो कर्नल. त्याला दुनियाभरचे लोक ठिगळं पाठवतात. आम्ही पॅच म्हणतो. ब्रेलपट्ट्या, जुनेपाने कीबोर्ड आणि असल्याच कुणाला नको असलेल्या वस्तू ज्या कोपऱ्यात आहेत, तिथे मी अकरा वर्षं बसलोय. पॅच येतात, मी वाचतो, चुका काढून परत पाठवतो, सुधारून आले की पुन्हा वाचतो, बरे वाटले की मर्ज करतो, म्हणजे आत मिसळून टाकतो, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी गाठोडं बांधून थोरल्यांकडे पाठवतो. थोरले म्हणजे सगळ्यांच्या वर बसलेले गृहस्थ, अख्खा कर्नल त्यांच्या हातून बाहेर पडतो. ते माझं गाठोडं सोडून बघत नाहीत, मी बांधलंय म्हटल्यावर. आणि ती स्वतःच्या पट्टीवर तपासून देते ते मी पुन्हा बघत नाही, कारण तिच्याकडे पट्टी आहे, माझ्याकडे नाही. बायको मला दरबान म्हणते. पगार नाही, गणवेश नाही, पण दारात उभा. मी पोटासाठी लिफ्टचे कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत जातो. हे दरबानपण शनिवार-रविवारचं, या मागच्या खोलीतलं, वॉशिंग मशीनच्या शेजारचं.

बादली खाली ठेवली. कपडे वाळत घालायचे राहिले. खुर्चीत बसलो, उठलो, मशीनचं झाकण उगाच उघडून बंद केलं. काय झालंय हे मला कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण हे मीच केलं होतं आणि कसं केलं तेही आठवत होतं. पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं ड्रायव्हरमध्ये सुधारणा पाठवली होती: पट्टीला कुणी हात लावत नसेल तर तिला झोपवायचं, म्हणजे वीज वाचते, आणि हात लागला की उठवायचं. पहिली आवृत्ती मी परत पाठवली, दुसरीही. तिसरी बातमीवालीनं स्वतःच्या पट्टीवर चढवून दोन दिवस वापरली आणि लिहिलं, छान चालतेय, माझं नाव घाला. आमच्यात प्रत्येक पॅचखाली अशा ओळी असतात: लिहिलं कुणी, वाचलं कुणी, तपासलं कुणी. 'तपासलं' या शब्दापुढे तिचं नाव आलं. मग चौथी आली, त्यात किरकोळ साफसफाई. मग पाचवी, त्यात एका शहाण्यानं सुचवलं म्हणून झोपेतून उठल्यावर पट्टीला जो सेकंदाचा पाचवा हिस्सा सावरायला दिला होता, तो कापून पन्नासावा केला. नव्या पट्ट्या तेवढ्यात उठतात. तिची जुनी आहे, तिला वेळ लागतो. नियम असा की पॅच बदलला की खालची जुनी नावं काढायची आणि ज्याला त्याला पुन्हा विचारायचं. हा नियम मी नवख्यांना वर्षातून चारदा तरी सुनावतो, तेही नाकानं कांदे सोलत. आणि पाचव्या आवृत्तीखालून तिचं नाव गळलेलं दिसलं तेव्हा मी ते स्वतःच्या हातानं परत लावलं. इंजिनिअरनं बरोबर काढलं होतं! मी मनात म्हटलं, बिचारा विसरला, आणि ओळ चिकटवली. तिला विचारायचं काय त्यात, ती हो म्हणेलच. तिचं नाव बघून तो पॅच लोक वापरत असलेल्या चालू आवृत्तीतही तातडीनं उचलला गेला, आणि केंद्रावरच्या त्या माणसाच्या मशीनवर पोचला.

मेलच्या शेवटी तिनं मला हवं ते स्वच्छ लिहिलं होतं. "मला बातम्यांवरून उतरवलंय. चौकशी होईपर्यंत. सोमवारी केंद्रप्रमुखांपुढे बसायचंय. त्यांचं म्हणणं, तुमचंच नाव आहे, न तपासता तपासलं म्हणणाऱ्या बाईला थेट प्रसारणावर कसं ठेवायचं? मी ते तपासलं नव्हतं हे कुठेतरी लेखी हवं. तुमच्याकडून हवं." रविवारी थोरले नवी आवृत्ती बाहेर काढणार होते. पॅच उलटवायचा, म्हणजे मागे घ्यायचा, तर आजच पाठवायला हवं, आणि उलटवताना कारण लिहावं लागतं; ते कारण जन्मभर तिथे राहतं, कुणालाही वाचता येतं. उलटवायला काय, एक आज्ञा. कारणाच्या जागी मात्र कर्सर लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

मी लिहिलं: काही जुन्या पट्ट्यांवर वेगळं वर्तन आढळल्यामुळे हा बदल मागे घेत आहोत. वाचलं. काय सुरेख वाक्य! एकही शब्द खोटा नाही आणि आत कुणीच नाही. आढळल्यामुळे. कुणाला आढळलं? घेत आहोत. कोण घेतंय? असं वाक्य मला बसल्या बसल्या सुचतं, घाम गाळावा लागत नाही, आणि हे वाचून थोरले एक शब्द बोलणार नाहीत, आमच्या मेलच्या यादीवरचे अडीचशे लोक एक शब्द बोलणार नाहीत, फक्त सोमवारी ती बाई केंद्रप्रमुखांपुढे हेच वाक्य घेऊन बसेल आणि ते म्हणतील, यात तुम्ही तपासलं नव्हतं असं कुठे आहे? मी ते पुसलं नाही. पुसायला हवं हे कळत होतं. उठलो, पाणी प्यायलो, तहान नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस टाकीत डोकं घालून कुणालातरी ओरडून काहीतरी सांगत होता, आणि मला उगाचच त्याचा राग आला. मला सकाळपासून सगळ्यांचाच राग येत होता, आणि त्यातला कुठलाच ज्याच्या त्याच्या वाट्याचा नव्हता.

वेगळं वर्तन आढळल्यामुळे. असलंच एक वाक्य मी आधी बोललोय, तोंडी, फोनवर, बाबांच्या शेवटच्या आजारात, ताईला. "डॉक्टर म्हणाल्या, काही उपयोग नाही." तेही खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. ताई तेव्हा बसमध्ये होती, पाच तासांच्या वाटेवर, आणि पलीकडून नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला, मग ती म्हणाली, "तू होतास तिथे, बरं झालं." दोन वर्षं झाली. ती अजून म्हणते. परवासुद्धा म्हणाली, काहीतरी भलताच विषय चालला होता, चष्म्याच्या फ्रेमांचा. तिचं चष्म्याचं दुकान आहे. मधेच म्हणाली, त्या दिवशी तू होतास म्हणून, नाहीतर मला काही सुचलं नसतं. आणि मी म्हणालो, असू दे गं. असू दे गं! केवढा मोठेपणा.

"कपडे बादलीतच वास मारणारेत आता," बायको दारात उभी राहून म्हणाली. तिची शनिवारची ड्यूटी दुपारची असते. ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, दिवसाला दोन-अडीचशे नळ्या. "आणि चेहरा का असा? थोरले रागावले का दरबानावर?"

मी तिला सांगितलं. अर्धवट सांगेन म्हणता म्हणता सगळं सांगितलं, म्हणजे पट्टीचं सगळं. ती बादली उचलून ऐकत होती.

"म्हणजे बाईंनी तिसरं तपासलं आणि तू पाचव्यावर नाव घातलंस."

"फरक एका आकड्याचा होता."

"आमच्याकडे पेशंट तोच, नाव तेच, मागच्या महिन्याचा रिपोर्ट आजच्या नळीला लावला तर? फरक काय, तारखेचाच." ती हसली, मग हसू आवरलं. "मग लिही की तसं. मी न विचारता नाव घातलं. झालं."

"एवढं सोपं नाही ते."

"पाच शब्द आहेत. मोजून घे."

"अकरा वर्षांत असं झालं नाही कधी. लोक काय म्हणतील, बाकीची नावं तरी खरी का?"

"खरी आहेत का?" तिनं विचारलं, अगदी सहज, कपड्यांचे चिमटे कुठायत विचारावं तसं, आणि उत्तराची वाट न बघता बाल्कनीत गेली. मी तिच्यावर ओरडणार होतो. 

बाबांना दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं. पहिल्यांदा छातीत कफ झाला म्हणून. ताई दुकान बंद करून आली होती आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो, त्या बाकाचं एक फळकुट निघालेलं होतं, ते ती सारखी बोटानं दाबत होती. तेव्हा म्हणाली, "मशीनवर नको रे ठेवायला त्यांना. नळ्याबिळ्या. त्यांना नाही खपणार." मी म्हटलं, बरं. वेळच आली नाही. बाबा आठवड्यात घरी आले, पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून माझ्याशी दोन दिवस भांडले, आणि चार महिने चांगले राहिले, इतके चांगले की ताईनं त्यांना नवीन नंबरचा चष्मा करून दिला आणि ते पेपरातली शब्दकोडी पुन्हा सोडवायला लागले. मग दुसऱ्यांदा. या वेळी निराळंच होतं. डॉक्टर तरुण होत्या, केस कसेतरी बांधलेले, आणि त्या म्हणाल्या की मशीनवर आठ-दहा दिवस काढले तर यातून निघण्याची थोडी आशा आहे, फार नाही, पण आहे, आणि निघाले तर कसे निघतील सांगता येत नाही. तुम्ही ठरवा, पण आत्ता ठरवा. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, "बहिणीशी बोललात का?" माझ्या हातात फोन होता. हातात! तिचा नंबर सगळ्यात वर होता, वीस मिनिटांपूर्वी ती 'निघाले' म्हणाली होती. मी म्हटलं, "हो. तिचंही तेच मत आहे." डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? बहिणीची संमती आहे, असंच काहीतरी. मी जुनं नाव नव्या कागदाला चिकटवलं. का नाही लावला फोन? रेंज नसेल असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगितलं. रेंज होती. बसमध्ये ती रडेल, लोकांत अवघडेल, असंही सांगितलं. खरं एवढंच की विचारलं असतं तर ती काहीतरी म्हणाली असती, आणि ते काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी फार थकलो होतो. चष्मा करून दिल्यानंतरची ताई बाकावरची ताई होती का? हे मला तेव्हाही सुचलं होतं. सुचलं होतं, हेच तर आहे.

बाल्कनीत चिमट्यांचा आवाज येत होता. मी ते सुरेख वाक्य पुसलं आणि लिहिलं: हा बदल जुन्या पट्ट्या बंद पाडतो. खाली 'तपासलं' म्हणून जे नाव आहे, त्या व्यक्तीनं तिसरी आवृत्ती तपासली होती, ही नाही. बदलानंतर त्यांना विचारलं गेलं नाही. थांबलो. विचारलं गेलं नाही. पुन्हा आत कुणी नाही. तेही पुसलं आणि लिहिलं: मी त्यांना विचारलं नाही. मूळ पॅच पाठवणाऱ्यानं नाव काढलं होतं, ते मी परत घातलं. चूक माझी आहे. पाच शब्दांत काही बसलं नाही, बायकोचा हिशेब चुकला. ते जुनं नाव तिथून काढता येत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. एकदा थोरल्यांच्या हातून गेलेलं कुणालाच खोडता येत नाही, त्याखाली फक्त नवीन लिहिता येतं. इतके दिवस मला ही गोष्ट आवडायची. उलटवलेला ड्रायव्हर मी आधी तिलाच पाठवला, म्हटलं, हा चढवून बघाल का, आणि कारण वाचून सांगा, कुठे कमी पडलंय का.

चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात मी खोलीत किती फेऱ्या मारल्या देव जाणे. बायको जाता जाता म्हणाली, फरशी झिजतेय, आणि चप्पल घालून निघून गेली. मग उत्तर आलं. "चढवलं. पाच वेळा हात काढून मिनिटभर थांबले, पाचही वेळा जागीच होती. या बदलाखाली माझं नाव घाला. कारण वाचलं. पुरे आहे, सोमवारी मी ते मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, बोटांनीच." त्याखाली एक ओळ मोकळी सोडून: "आणखी कुठे घातलंय माझं नाव, न विचारता? यादी द्या."

मला राग यायला हवा होता, सकाळपासूनच्या सवयीनं. आला नाही. मी आधी उलटवलेलं थोरल्यांकडे पाठवलं; त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं, "घेतलं. असं पुन्हा नको." बस, एवढंच. अकरा वर्षांत त्यांच्यावर मला एवढंसुद्धा बोलायची वेळ कधी आली नव्हती. कान गरम झाले. मग यादी करायला बसलो. अकरा वर्षांत तिचं नाव एकशे सत्तावीस ठिकाणी होतं. प्रत्येकाची तिनं तपासलेली आवृत्ती आणि मी मर्ज केलेली आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून बघत गेलो, दुपार त्यात गेली, ऊन भिंतीवरून कपाटावर आलं, जेवायचं राहिलं. तीन सापडली. तीन ठिकाणी मी तिच्या वतीनं हो म्हणालो होतो. कशानं काही बिघडलं नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. ती तिन्ही लिहून पाठवली, माफी मागितली. कितीतरी वेळानं एवढंच आलं: "तीन. बरं. मला वाटलं होतं जास्त असतील." आणि यादी संपली तरी मी खुर्चीतून उठेना. कारण ती संपली नव्हती. जिथे काही बिघडलं होतं, जिथे कुणाचं तरी नाव घेऊन मी दार लावून टाकलं होतं, ते या संगणकात सापडणार नव्हतं, आणि तिथे यादी मागणारं कुणी नव्हतं. ताई मागणार नव्हती. ताई तर आभार मानत होती.

फोन लावला. दुकानात होती, मागे कुणालातरी तिचा मदतनीस भिंगं बदलून दाखवत होता, "आता बरं दिसतं का मघाशी?" असं त्याच त्या चालीत विचारत होता.

"बोल रे. जेवलास का?"

"ताई, बसायला आहे का काही?"

"का? काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. बाबांचं सांगायचंय." मला वाटलं होतं मी हळूहळू सांगेन. तसं जमलं नाही, सगळं एकदम निघालं. "त्या दिवशी डॉक्टर काही उपयोग नाही म्हणाल्या नव्हत्या. थोडी आशा आहे म्हणाल्या होत्या. मशीनवर ठेवायचं का ते आम्हाला विचारलं होतं. म्हणजे मला. तुझं मत विचारलं त्यांनी, आणि मी सांगितलं, तिचंही मत नकोच आहे. मी तुला विचारलं नव्हतं, ताई. तू बाकावर म्हणाली होतीस ना, पहिल्या वेळी, तेच मी सांगितलं. फोन हातात होता माझ्या."

"आता बरं दिसतं का मघाशी?" मागून आवाज आला. कुणीतरी म्हणालं, मघाशी.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी म्हणत होतो, चुकलं माझं, फार चुकलं, मी थकलो होतो पण ते काही कारण नाही, आणि तूही कदाचित नकोच म्हणाली असतीस, ते माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"थांब," ती म्हणाली. "ते नको सांगूस." तिचा आवाज चढला नव्हता, नुसता बारीक झाला होता. "त्या बसमध्ये मी हेच करत होते. विचारतील मला, तर काय सांगायचं. अर्ध्या वाटेत ठरवलं होतं मी. नंतर तू फोनवर म्हणालास उपयोग नाही, तर मला हलकं वाटलं. बाबा गेले आणि मला हलकं वाटलं, कुणी विचारलं नाही म्हणून. दोन वर्षं त्याचीच लाज वाटतेय मला, आणि मी तुझे आभार मानतेय."

"काय ठरवलं होतंस?" मी विचारलं.

मागची भिंगं बदलणं थांबलं असावं.

"आता विचारतोस होय," ताई म्हणाली.

मी फोन कानाला तसाच धरून होतो, तीही ठेवत नव्हती. तिकडे दुकानाचं दार उघडलं, गिऱ्हाईक आलं असावं, मदतनीस म्हणाला, बाईसाहेब.

"फोन ठेवू नकोस," ती मला म्हणाली. "आणि बोलूही नकोस."